पावसाळ्यात घराचा फोटो केव्हा काढावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी आरोग्यावर, कोणी मुलांच्या अभ्यासावर. या वर्षी चिटणीसताई मला म्हणाल्या, ‘तुम्ही जे रोज पाहता, त्यावरच चार शब्द बोला.’ माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठा विषय घेऊन मोठे शब्द बोलणे मला साधणार नाही. परंतु गेली बारा-तेरा वर्षे आमच्या निगडीच्या सेक्टरातील रिकाम्या जागांच्या किल्ल्या माझ्या घरच्या खुंटीवर टांगलेल्या असतात, हे तुम्ही जाणताच. कोणाचा मुलगा परदेशी, कोणाची बदली नागपूरला, कोणी म्हातारपणी गावी जाऊन राहिलेले. जागा दाखवायची झाली की एजंट येतो, फोटो काढणारा येतो, बिऱ्हाडकरू येतो, आणि दार मात्र मी उघडते. दार उघडता उघडता जे ध्यानात आले, तेच आज सांगते.

विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे: भाड्याने द्यावयाच्या किंवा विकावयाच्या घराचे फोटो पावसाळ्यात केव्हा काढावेत? कोणी म्हणेल, यात बोलण्यासारखे काय आहे? फोन खिशात आहे, काढला की झाले! पण भगिनींनो, तसे होत नाही.

आपल्या भागाची गोष्टच पाहा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे भोसरीची औद्योगिक वसाहत झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघाले. ते प्राधिकरण २०२१ साली विसर्जित झाले, तरी आपण अजून ‘प्राधिकरणात राहतो’ असेच म्हणतो. नंतर कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. कारखाना आला की माणसे आली, आणि माणसे आली की जागा हवी. आमच्या सासूबाई सांगत, त्या काळी दारावर ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावली की काम भागे. कामावरचा माणूस कामावरच्या माणसाला सांगे. आज नांदेडचा किंवा अमरावतीचा मुलगा चाकणला नोकरीस लागतो, तेव्हा तो गावी बसूनच फोनवर जागा पाहतो. दहा घरांचे फोटो पाहून त्यांतली दोन घरे पाहावयास येतो. उरलेल्या आठ घरांचा उंबरठा तो ओलांडतच नाही. आपल्याकडे ‘घराची कळा अंगण सांगते’ अशी म्हण आहे. आता ते अंगण म्हणजे हा फोटो होऊन बसला आहे.

अडचण अशी की, जागा पाहण्याचा हंगाम आणि पावसाचा हंगाम एकच पडतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा बिऱ्हाडे मे-जूनमध्ये हलतात. एकदा जूनमध्ये अकरा महिन्यांचा करार झाला की तो मेमध्ये संपतो, म्हणजे जागा पुन्हा पावसाच्या तोंडावरच रिकामी होते. आषाढात व पितृपंधरवड्यात पुष्कळ लोक नव्या जागेचा व्यवहार टाळतात. घेणारे बाहेर पडतात ते दसऱ्या-दिवाळीला. म्हणजे दसऱ्याला दाखवावयाचे फोटो भाद्रपदातच तयार हवेत, आणि तेव्हाही पाऊस असतोच. त्यातून पावसाचा नेम नाही. आपल्याकडे तो साधारण १० जूनच्या सुमारास यावयाचा, पण २०२५ साली २६ मे रोजीच पुण्या-मुंबईत दाखल झाला. ज्यांनी ‘मे अखेरीस निवांत फोटो काढू’ असे ठरविले होते, त्यांचे बेत तसेच राहिले.

पाऊस थांबविणे आपल्या हाती नाही. त्याची चाल ओळखणे मात्र हाती आहे. मी पावसाळ्याचे चार भाग करते.

पहिला भाग वळवाचा. मे महिन्यात आणि जूनच्या आरंभी सकाळ स्वच्छ असते, दुपारनंतर ढग जमतात आणि संध्याकाळी गडगडाट करून पाऊस कोसळतो. या दिवसांत फोटोचे काम सकाळी आठ ते अकरा या वेळातच उरकावे. ‘ऊन उतरल्यावर संध्याकाळी येतो’ असे कोणी म्हणाले, तर त्याला सकाळीच बोलवावे. वळवाच्या वाऱ्याने धूळ उडून गॅलरी, खिडक्यांच्या काचा आणि ओटा माखून जातो, वीजही जाते. तेव्हा पुसणेही सकाळीच, फोटोही सकाळीच.

दुसरा भाग झडीचा. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही नक्षत्रे म्हणजे जूनच्या अखेरीपासून जुलै संपेपर्यंतचे दिवस. सूर्य चार-चार दिवस दिसत नाही. या दिवसांत बाहेरून इमारतीचा फोटो काढू नये. आकाश पांढरेफटक येते, भिंती ओल्या होऊन काळवंडलेल्या दिसतात आणि नवी इमारतही वीस वर्षांची वाटते. परंतु खोल्यांच्या आतले फोटो मात्र मळभाच्या दिवशीही चांगले येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कडक उन्हात खिडकी पांढरी जळून जाते आणि कोपरे काळे पडतात. ढगांतून गाळून आलेला उजेड साऱ्या खोलीत सारखा पसरतो. अट एकच, पाऊस थांबलेला असावा आणि वेळ साधारण दहा ते तीनमधील असावी. धो-धो पावसात दुपारी बारालाही खोलीत दिवेलागणीसारखे वाटते.

तिसरा भाग उघडिपीचा. श्रावण-भाद्रपदात एक सर येते आणि लगेच ऊन पडते. पावसाने झाडे, रस्ते, कठडे सारे धुऊन निघालेले असते आणि घोरवडेश्वराचा डोंगर हिरवागार झालेला असतो. बाहेरच्या फोटोला वर्षातले सर्वांत चांगले दिवस हेच. मात्र सर थांबल्याबरोबर घाई करू नये. भिंतीवरचे ओले पट्टे वाळू द्यावेत. दोन दिवस सलग उघडीप मिळाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढावा.

चौथा भाग हस्ताचा. सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी पाऊस पुन्हा वळवासारखा वागू लागतो, सकाळी ऊन आणि दुपारनंतर गडगडाट. तेव्हा पुन्हा पहिला नियम लागू, सकाळचे काम सकाळीच.

आता, सर्व ठिकाणी सारखा पाऊस पडत नाही, हेही पाहिले पाहिजे. लोणावळ्यास वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुण्याच्या शिवाजीनगरास ७०० च्या आसपास. अंतर केवळ साठ-पासष्ट किलोमीटरचे! आपण या दोहोंच्या मध्ये राहतो. म्हणून देहूरोड, रावेतकडे झड लागलेली असताना भोसरी-मोशीकडे कोरडे असू शकते. मुलगा चाकणहून फोन करून ‘इकडे ऊन आहे, फोटो काढून घे’ म्हणतो आणि आपण निगडीत छत्री धरून उभ्या असतो, असे कित्येकदा घडते. दुरून ठरविलेला बेत उपयोगी पडत नाही. त्या घरापाशी जी बाई राहते, तिलाच तिथले आभाळ कळते.

हवामानखात्याचा अंदाज मात्र जरूर पाहावा. १९२८ साली या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. म्हणूनच शिवाजीनगरच्या कचेरीला लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. हे खाते आता रंगांनी इशारे देते. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे तातडीने सावध व्हा. नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी फोटोवाल्याला बोलावू नये. तोही कोणाचा तरी मुलगा आहे आणि दुचाकीवरून येणार आहे. शिवाय एकच दिवस न ठरविता त्याला प्रथमच दोन दिवस सांगून ठेवावेत: ‘मंगळवारी उघडीप असली तर मंगळवारी, नाहीतर गुरुवारी.’ म्हणजे कोणाचा रागलोभ नको.

घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही विसरू नये. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. तो उगवतो ईशान्येच्या अंगाला आणि मावळतो वायव्येच्या अंगाला. म्हणून जूनमध्ये ऊन असलेच, तर उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते आणि दक्षिणेच्या खोलीत मुळीच येत नाही. दसऱ्यानंतर याच्या उलट होते. ज्यांची जागा उत्तरमुखी आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वीच फोटो काढून घ्यावेत. ज्यांची दक्षिणमुखी आहे, त्यांनी थोडे थांबावे. पूर्वेच्या खोल्या दहाच्या आत, पश्चिमेच्या चारनंतर. पापड-कुरडया कोणत्या गच्चीवर कधी घालाव्यात, हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. हेही तेच शास्त्र आहे.

आता घरातल्या तयारीविषयी. पावसाळ्यात आपल्या घराचे रूप काय असते? दिवाणखान्यात दोरी आणि दोरीवर साऱ्या कुटुंबाचे कपडे! दाराशी चार छत्र्या, दोन रेनकोट, ओले पायपुसणे, आणि कोठेतरी गळतीखाली ठेवलेले पातेले. माणसे राहत असलेल्या घराचा फोटो काढावयाचा असेल, तर आदल्या दिवशी धुणे कमी काढावे आणि दोरी सोडून ठेवावी. छत्र्या न्हाणीघरात टाकाव्यात. बंद जागा असेल, तर आदल्या दिवशी खिडक्या-दारे उघडून दोन तास वारा खेळू द्यावा. फोटोत कुबट वास येत नाही हे खरे, परंतु काचेवरची वाफ आणि फरशीवरचा दमटपणा दिसतो.

फोनची काच मऊ कोरड्या फडक्याने पुसावी. दमट हवेत तिच्यावर बाष्प धरते आणि सारे चित्र धुकट येते. दिवे लावावयाचे तर पिवळा एक आणि पांढरा एक असे लावू नयेत, त्याने भिंत अर्धी पिवळी, अर्धी निळसर दिसते. खिडकीतून पुरेसा उजेड असल्यास दिवे बंदच बरे. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरून फोटो घ्यावा. तिरपा धरला की भिंती पडावयास आल्यासारख्या दिसतात. आणखी एक गोष्ट, जी पुरुषमंडळींच्या ध्यानात येत नाही: मुलींचे फोटो, कपाटाच्या किल्ल्या, दारावरील नावाची पाटी, देवघरातील चांदी, ग्यासच्या पुस्तकावरील पत्ता, यांतील काहीही चित्रात येऊ देऊ नये. तो फोटो कोण पाहणार, हे आपल्याला ठाऊक नसते.

इथवर झाली युक्तीची गोष्ट. आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, ते सांगते.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. यजमान गेल्यापासून वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांचे भाडे हाच त्यांचा महिन्याचा आधार. एका वर्षी जुलैमध्ये जागा रिकामी झाली. भाच्याने झडीच्या दिवशी संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढले. भिंती हिरवट आल्या, खिडकीबाहेर काळोख. तीन आठवडे कोणी फिरकले नाही. वहिनी भाडे दोन हजारांनी उतरविण्याच्या विचारात होत्या. वर्षाचे चोवीस हजार! एकट्या बाईला ती रक्कम थोडी नव्हे. मी म्हटले, ‘वहिनी, भाडे उतरवू नका, चार दिवस थांबा, आभाळ उतरू द्या.’ चौथ्या दिवशी उघडीप मिळाली. सकाळी दहाला दारे-खिडक्या उघडून पुन्हा फोटो काढले, आणि त्याच खोल्या हसऱ्या दिसू लागल्या.

परंतु एका कोपऱ्यात गच्चीची ओल उतरली होती, गिलाव्याचे पोपडे सुटले होते. भाचा म्हणाला, ‘मामी, इथे कपाट सरकवू, फोटोत कळणार नाही.’ वहिनी क्षणभर काही बोलल्या नाहीत. गरज त्यांनाच होती, दुसऱ्या कोणाला नव्हती. मग म्हणाल्या, ‘त्या घरात लहान मूल आले आणि त्या भिंतीशी निजले तर? त्या कोपऱ्याचाही फोटो काढ. पाऊस संपल्यावर, भिंत सुकली की गच्चीचे काम करून देणार आहे, असे खाली लिही.’ भाच्याने तसे केले. आठ दिवसांत लातूरकडील एक जोडपे आले. नवरा चाकणच्या कारखान्यात, मूल वर्षाचे. ती मुलगी मला जिन्यात म्हणाली, ‘मावशी, सात जागा पाहिल्या. सगळ्या ठिकाणी ओल होती. पण ती आधी सांगणारे हे एकच घर.’ पाळणा दुसऱ्या खोलीत बांधला. दिवाळीपूर्वी गच्चीचे काम झाले. ते कुटुंब तीन वर्षे राहिले, आणि वहिनींचे भाडे एकदाही थकले नाही.

भगिनींनो, उजेडाची वेळ साधणे ही लबाडी नव्हे. लेकीला दाखवावयाच्या दिवशी आपण तिची वेणी नीट घालतो, तसेच ते आहे. पण कपाट सरकवून ओल झाकणे ही फसवणूक आहे, आणि पावसाळ्यात ती टिकतही नाही. आलेला माणूस पहिल्या झडीला भिंतीला हात लावतोच.

हीच गोष्ट घेणाऱ्यांच्या बाजूनेही पाहा. आपल्यापैकी पुष्कळजणी मुलांसाठी जागा शोधत आहेत. एप्रिलमध्ये काढलेल्या फोटोत प्रत्येक घर कोरडे आणि प्रत्येक नदी शांत असते. १७ मे २०२५ रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले महापालिकेने पाडले, हे आपण सर्वांनी वाचले, काहींनी डोळ्यांनी पाहिले. हरित न्यायाधिकरणाचा निकाल झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो बदलला नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषा जमिनीवर आखलेल्या दिसत नाहीत आणि कोणत्याही फोटोत उमटत नाहीत. त्या महापालिकेच्या नकाशावर पाहाव्या लागतात. नव्या इमारतीची जाहिरात असेल, तर तीवर महारेराचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो फोनने उघडून पाहावा. जाहिरातीतले हिरवे अंगण पुष्कळदा संगणकावर काढलेले चित्र असते.

म्हणून मी घेणाऱ्यांना सांगते, फोटो उन्हातला पाहा, पण घर पावसातले पाहा. जुलैत भर पावसात एकदा जाऊन या. गच्चीखालच्या खोलीचा वरचा कोपरा, न्हाणीघराच्या मागची भिंत, खिडकीच्या खालची कड पाहा. इमारतीच्या फाटकाशी किती पाणी साचते, ते तिथल्या वॉचमनला विचारा. आणि फोटो पाहूनच कोणी ‘आधी टोकन पाठवा’ म्हणाले, तर दार उघडून घर पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नका. दुसऱ्याच्या घराचे फोटो दाखवून पैसे घेणारेही असतात.

शेवटी आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्यात कित्येकजणींच्या घरी वरच्या मजल्याचे भाडे येते, आणि काहींचे तर त्यावरच चालते. येत्या मेच्या आरंभी, वळीव सुरू होण्यापूर्वी, आपण चार-पाचजणींनी मिळून एका सकाळी ज्यांना हवे त्यांच्या जागांचे फोटो काढून ठेवावेत. ज्यांच्या सुना-मुली फोन चांगला हाताळतात, त्यांनी ते काम करावे, आणि ज्यांना दिवसाचा उजेड कळतो, त्या आम्ही वेळ सांगू. जागा जुलैत रिकामी झाली, तरी स्वच्छ सकाळचे फोटो हाताशी असतील आणि कोणा एकटीला घाईने भाडे उतरवावे लागणार नाही. त्यानंतर ओल आली, तर त्या कोपऱ्याचा नवा फोटो सोबत जोडावा, एवढा नियम मात्र आपण पाळावा. म्हणजे आपल्या मंडळाच्या बायकांनी दाखविलेले घर जसे दाखविले तसेच असते, असा लौकिक होईल, आणि तो कोणत्याही जाहिरातीहून अधिक उपयोगी पडेल.